फेरी चुकते तेव्हा

पुण्यातल्या एखाद्या आरोग्य कोठीवर सकाळी सहा-साडेसहाला गेलं, की शहराचा दिवस कुठून सुरू होतो ते दिसतं. मुकादम हजेरी घेत असतो. कोण आलं, कोण रजेवर, कुणाच्या जागी कुणाला पाठवायचं याची जुळवाजुळव चाललेली असते. झाडू, घमेली, ढकलगाड्या बाहेर पडतात. या गर्दीत एक माणूस दोन मोबाइल सांभाळत उभा असतो, तो आरोग्य निरीक्षक. एका मोबाइलवर कुणीतरी सांगत असतं, की आमच्या गल्लीत दोन दिवस कचऱ्याची गाडी फिरकलेली नाही. दुसऱ्यावर झाडलोटीचे फोटो वेळेत चढवायचे असतात. तेवढ्यात कुठे ड्रेनेजचं चेंबर तुंबल्याची खबर येते, कुठे रात्रीत कुणी राडारोडा टाकून गेलेलं असतं, कुठे मेलेलं कुत्रं उचलायचं असतं. दहा वाजेपर्यंत त्याचा निम्मा दिवस संपलेला असतो आणि लोकांचा अजून सुरूही झालेला नसतो.

झाडूवाल्यांवर देखरेख करणारा तो निरीक्षक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. मुंबईत कोठीच्या जागी चौकी असते आणि डासांसाठी महापालिकेचा स्वतंत्र कीटकनाशक विभाग असतो. लहान नगरपरिषदेत मात्र कचरा, पाणी, डास, बाजार, स्वच्छतागृहं असं सगळं एक-दोन स्वच्छता निरीक्षकांच्याच गळ्यात असतं. गावाकडे हेच काम आरोग्य सेवक करतो. त्याच्या उपकेंद्राखाली साधारण पाच हजार लोक येतात, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार. रक्तनमुने घेणं, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते की नाही ते पाहणं, तापाचा रुग्ण सापडला की आसपासची घरं धुंडाळणं हे सगळं त्याच्या वाट्याला येतं. स्वच्छता निरीक्षकाची पदविका देणाऱ्या संस्थांपैकी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ही मुंबईत १९२६ साली सुरू झालेली जुनी संस्था. पदविका एक वर्षाची, पण प्रत्यक्षात लागणारं ज्ञान बरंच पसरलेलं: थोडं कीटकशास्त्र, थोडं रसायन, थोडा कायदा आणि माणसांशी बोलण्याची पुष्कळ हातोटी.

या सगळ्या पदांना जोडणारी गोष्ट म्हणजे फेरी. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वस्तीत, त्याच टाकीपाशी आणि त्याच नळावर पुन्हा जाणं. साथ आल्यावर निघणाऱ्या मोहिमेची बातमी होते, मंत्री येतात, फवारणीच्या यंत्रांची रांग लागते. न चुकलेल्या फेरीची बातमी होत नाही, कारण तिच्यामुळे जे घडत नाही ते कुणाला दिसत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांतल्या साथी एकापुढे एक ठेवून पाहिल्या, तर मोहिमांनी साथ आटोक्यात आणली, पण शहरं आणि गावं सुरक्षित ठेवली ती फेऱ्यांनीच, असं स्पष्ट दिसतं. आणि आज आपल्याकडे नेमकी फेरीच मोडकळीला आलेली आहे.

या नोकरीचा उगम इंग्लंडमधल्या औद्योगिक शहरांत आहे. लिव्हरपूलमध्ये १८४४ साली थॉमस फ्रेश यांना उपद्रव निरीक्षक म्हणून नेमलं गेलं. तळघरांत कोंबलेली कुटुंबं, उघडी गटारं आणि उकिरडे शोधून नोटिसा देणं हे त्यांचं काम. तीन वर्षांनी त्याच शहरात डॉ. विल्यम डंकन हे वैद्यकीय आरोग्य अधिकारी आले. म्हणजे घरोघर फिरणारा निरीक्षक आधी आला आणि डॉक्टर मागून. ब्रिटिशांनी हीच रचना मुंबईत आणली आणि १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने तिला बळ दिलं. आजही मुंबईतला निरीक्षक नोटीस काढतो ती याच कायद्याखाली.

आठच वर्षांत या यंत्रणेची कसोटी लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातला ताप हा गाठीचा प्लेग आहे, हे मूळचे गोव्यातले डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी ओळखलं. महापालिकेने गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली, भिंतींना चुना फासला, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढली. घरात प्लेगने मृत्यू झाला, की भिंतीवर तारखेसह वर्तुळ काढलं जाई. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी इंग्रजी आद्याक्षरं रंगवली जात. एवढं करूनही साथ पसरतच गेली, कारण उंदराच्या अंगावरची पिसू हे तिचं वाहन आहे हे तेव्हा अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ते पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. निरीक्षक प्रामाणिकपणे फिरत होते, पण चुकीच्या शत्रूमागे.

त्याहून खोल जखम झाली ती दारातून आत शिरण्याच्या पद्धतीने. ऑक्टोबर १८९६ मध्ये चिडलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने १८९७ च्या सुरुवातीला घरझडतीसाठी गोरे सैनिक लावले. ते देवघरात शिरले, स्वयंपाकघरात शिरले, सामान रस्त्यावर फेकलं गेलं, बायकांची तपासणी उघड्यावर झाली. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली आणि पुढे रँड त्या जखमेने वारले. राजकीय इतिहासात हा प्रसंग आपण शिकतो, पण सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही त्याला तितकंच महत्त्व आहे. लोक रुग्ण लपवू लागले, मृतदेह लपवू लागले आणि ज्या माहितीवर सगळं नियंत्रण उभं असतं ती माहितीच मिळेनाशी झाली. त्याच शहरात त्याच महिन्यांत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोक त्यांच्याकडे रुग्ण आणत होते आणि सरकारपासून लपवत होते. मराठी मुलखात घरात शिरणाऱ्या प्रत्येक निरीक्षकाने हा फरक समजून घ्यायला हवा.

डासांच्या कामात हा दाराचा प्रश्न रोजचाच आहे. आणि फेरी इतकी नेमाची का असावी लागते, ते डासाइतकं चांगलं दुसरं कुणी सांगत नाही. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस इजिप्ती डास अंड्यापासून पूर्ण वाढायला सात ते दहा दिवस घेतो. म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासून पुसून ठेवा, असं सांगितलं जातं. घासायचं कशासाठी, तर अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. पाणी नुसतं ओतून टाकलं तर पुढच्या वेळी भरल्यावर ती फुटतात. वेळापत्रक डासाने ठरवलेलं आहे. पंधरा दिवसांनी येणारा निरीक्षक या शर्यतीत हरलेलाच असतो.

पाहणी कशी होते ते जवळून बघण्यासारखं आहे. निरीक्षक किंवा डासांची पैदास तपासणारा ब्रीडिंग चेकर सोसायटीत येतो, वॉचमनकडून गच्चीची किल्ली घेतो. टाकीपाशी तो अशा बाजूने उभा राहतो, की त्याची सावली पाण्यावर पडणार नाही, कारण सावली पडताच अळ्या तळाशी पळतात. मग तिरका टॉर्च. लांब दांड्याची पांढरी पळी हलक्या हाताने बुडवून काढायची आणि थोडं थांबायचं. पाणी स्थिरावलं, की पांढऱ्या तळावर वळवळ दिसू लागते. अळी पृष्ठभागाला आडवी, समांतर पडलेली असेल तर ती मलेरियाच्या ॲनाफिलीसची. शेपटाकडची नळी वर लावून तिरकी लटकत असेल तर ती एडिसची किंवा क्युलेक्सची, आणि मग नळीची लांबी पाहायची. खाली घरांत आल्यावर ठिकाणं वेगळी असतात: फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, गॅलरीत ठेवलेला जुना कूलर. पावसाळ्यात पत्र्यावर टाकलेले टायर आणि ताडपत्रीच्या घड्या. अळ्या सापडल्या तर घरमालकिणीला पळीतच दाखवायच्या. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय त्यांचा अनुभव सांगतो, की छापील पत्रकांपेक्षा पळीतली वळवळणारी अळी जास्त पटते.

शंभर घरं तपासली आणि सात घरांत अळ्या सापडल्या तर घर निर्देशांक सात. हिशेब सोपा आहे आणि म्हणूनच तो टेबलावर बसून लिहिणंही सोपं आहे. खरी अडचण असते बंद घरांची. दोघंही नोकरीला जाणारी, दिवसभर कुलूप, आणि मोठ्या गृहसंकुलात तर फाटकावरच अडवणूक. झोपडपट्टीत निरीक्षकाला दार उघडं मिळतं, टॉवरमध्ये मिळत नाही. जून २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे पहिले रुग्ण सापडले ते एरंडवण्यासारख्या सुस्थितीतल्या भागात. डास गरिबांच्या वस्तीत असतात हा समज किती घातक आहे, ते त्या पावसाळ्यात दिसलं.

मुंबईची एक जुनी गोष्ट इथे जोडून पाहायला हवी. शहरात मलेरिया का आहे याचा शोध घेऊन डॉ. सी. ए. बेंटली यांनी १९११ मध्ये अहवाल दिला. फोर्ट आणि आसपासच्या घरांतल्या विहिरींमध्ये ॲनाफिलीस स्टीफेन्साय डास वाढतो, असं त्यात होतं. विहिरी बुजवा किंवा झाका, असा आदेश निघाला आणि पारशी आणि हिंदू घरांतून विरोध उभा राहिला, कारण धार्मिक विधींसाठी विहिरीचंच पाणी लागे. वाद चालला आणि अनेक ठिकाणी तोड निघाली ती जाळी आणि झाकणाची. विहीर राहिली, डासाची वाट बंद झाली. आजचा निरीक्षक गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आणि वर चढायला शिडी मागतो तो याच डासासाठी. विहिरी गेल्या, टाक्या आल्या, डास तोच राहिला.

पाण्याच्या बाबतीत फेरी चुकल्याची किंमत पुण्याने अगदी अलीकडे मोजली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. हातापायांतली ताकद जाणं, काहींना थेट व्हेंटिलेटर. एरवी विरळ असणाऱ्या या आजाराच्या रुग्णांची संख्या काही आठवड्यांत दोनशेच्या पुढे गेली. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय पाण्याकडे गेला. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली होती. कर आणि बांधकामं शहराची झाली, पण शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेलं पाणी तिथे पोचलेलं नव्हतं. लोक विहिरीच्या पाण्यावर, टँकरवर आणि गल्लीबोळातल्या खासगी आरओ केंद्रांच्या जारवर अवलंबून होते. साथ आल्यावर महापालिकेने नमुने घेतले, खासगी स्रोतांपैकी काहींत क्लोरीनचा पत्ता नव्हता, आरओ केंद्रांना टाळं लागलं. हीच तपासणी आधी चार वर्षं दर आठवड्याला होत राहिली असती, तर काय झालं असतं हा प्रश्न विचारायलाच हवा. समाविष्ट गावांत हद्द आधी येते आणि निरीक्षक फार मागून, हे केवळ पुण्याचं दुखणं नाही.

क्लोरीनची तपासणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकायचे आणि लगेच रंग पाहायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. क्लोरोस्कोपच्या पट्टीशी रंग जुळवला, की प्रमाणही कळतं. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळायला हवा. इथे शेवटचा नळ हा शब्द महत्त्वाचा. टाकीजवळच्या नळावर तपासून परत येणारा माणूस नियम पाळतो, पण धोका असतो तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या नळावर, जिथे पाइप गटारातून गेलेला असतो आणि दाब कमी असतो. टीसीएल पावडरचंही तसंच. चांगली पावडर असेल तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पुरते, पण ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात पोतं उघडं पडलं, त्याला पावसाळी हवा लागली, की क्लोरीन उडून जातो. मग जलसुरक्षक वेळेवर पावडर टाकतो, वहीत सही होते, आणि पाण्यात पडतो तो जवळजवळ नुसता चुना.

मेळघाटात जुलै २०२२ मध्ये जे झालं त्यात निरीक्षकाच्या कामाची मर्यादाही दिसते. चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं, कॉलरा पसरला आणि काही जणांचा जीव गेला. नळयोजनेची वीज बिल थकल्यामुळे तोडली होती, असं तेव्हा समोर आलं. आरोग्य सेवकाने कितीही फेऱ्या मारल्या तरी पंपाची वीज तो जोडू शकत नाही. त्याने धोक्याची लेखी सूचना द्यायची आणि ती गटविकास अधिकाऱ्यापासून वीज कंपनीपर्यंत कुणीतरी मनावर घ्यायची, हा त्याच्या कामाचा दुसरा अर्धा भाग. तो आपल्याकडे कायम लटकत असतो.

खाण्याच्या पदार्थांबाबत तर सामान्य माणसाचा पार गोंधळ होतो. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्यानंतर नमुना घेणं आणि खटला भरणं हे काम अन्न व औषध प्रशासनाच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे आहे. नमुन्याचे चार भाग करून ते दुकानदारासमोर सीलबंद करायचे, एक विश्लेषकाकडे पाठवायचा, विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा, अशी काटेकोर पद्धत आहे. तेल किती वेळा तापवलं हे नजरेने ठरवण्याची गरजही आता उरलेली नाही. तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं, की ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे आणि ते हातातल्या यंत्राने जागच्या जागी मोजता येतं. मात्र त्याच वडापावच्या गाडीमागचं साठलेलं खरकटं, उंदीर, मोरीची दुर्गंधी हा महापालिकेच्या निरीक्षकाचा विषय राहिला. हॉटेलचा आरोग्य परवाना एकीकडे, अन्नाचा परवाना दुसरीकडे. ग्राहकाला पोटदुखी झाली, की तो यातल्या कुणाकडेच जात नाही.

दंडाच्या पावतीपुस्तकाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २०१८ च्या सुरुवातीला राज्य सरकारने मोठ्या महापालिकांसाठी रस्त्यावर कचरा टाकल्यास १८० रुपये आणि थुंकल्यास १५० रुपये असे दर ठरवले. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदी आली आणि पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड लागला. मंडईत पथारी लावून बसलेल्या भाजीवालीची दिवसाची कमाई या रकमेच्या जवळपासही नसते. निरीक्षकाने तिला पावती फाडली तर अन्याय वाटतो, सोडून दिलं तर कायदा हसण्यावारी जातो, आणि या दोन्हींच्या मध्ये तडजोडीचा जो अंधारा कोपरा तयार होतो तिथे चिरीमिरी वाढते. हा दोष फक्त माणसांचा नाही. दंड ठरवणाऱ्याने पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यावर आधी हात टाकला असता, तर निरीक्षकाला भाजीवालीपुढे उभं राहावं लागलं नसतं. पावत्यांचं दैनिक उद्दिष्ट देणं तर थेट घातक आहे. उद्दिष्ट पावत्यांचं असलं, की माणूस पावत्या आणतो.

फेरीने शहर बदलतं याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, सुरतेत आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली, पन्नासच्या आसपास माणसं गेली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. खान्देशातून कामाला गेलेली मराठी कुटुंबं लिंबायत, उधना भागात दाटीने राहत होती. मिळेल त्या गाडीने ती धुळे-जळगावकडे परतली. साथ ओसरली, आणि घाण तशीच राहिली. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी केलेली मुख्य गोष्ट अगदी साधी होती: वातानुकूलित खोलीतले अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर आले. प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार मिळाले, सकाळी फिरून पाहिलेलं दुपारच्या बैठकीत मांडलं जाऊ लागलं आणि झाडलोट रात्रीही होऊ लागली. गलिच्छ खाणावळींवर कारवाई झाली, तशी बड्या हॉटेलांवरही झाली. ज्यांना सवलतीची सवय होती त्यांनाही ती मिळाली नाही, हे लोकांनी पाहिलं आणि तिथून सहकार्य सुरू झालं. इनटॅक या संस्थेने १९९६ मध्ये सुरतेला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं. राव पुढे बदलून गेले, पण रोजच्या पाहणीची आणि तापाच्या रुग्णांची नोंद ठेवण्याची सवय शहरात टिकली, आणि सुरतेचं खरं यश मला वाटतं ते यातच आहे.

उलट दिशेचं उदाहरण देशाच्या हिवताप मोहिमेचं. १९४७ च्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख मृत्यू होत. १९५३ मध्ये नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. डीडीटीची फवारणी झाली, आणि तिच्या जोडीला दर पंधरवड्याला दारात येणारा हिवताप कर्मचारी होता. तो तापाची विचारपूस करी, बोटातून रक्त घेऊन काचपट्टी करी आणि आल्याची तारीख भिंतीवर लिहून जाई. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई आली. डीडीटीला न जुमानणारे डास वाढले, औषधांचा पुरवठा तुटला, वाढत्या शहरांकडे उशिरा लक्ष गेलं, १९७१ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी योजना आली. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने एकेका रोगाचा वेगळा कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी सुचवला. कल्पना चांगली होती, पण कामं वाढली तशी माणसं वाढली नाहीत, आणि भिंतीवरच्या तारखांमधलं अंतर वाढत गेलं. १९७६ मध्ये देशात ६४ लाख रुग्ण नोंदले गेले.

आज त्या बहुउद्देशीय माणसाच्या उद्देशांची यादी आणखी लांबली आहे. निवडणूक, जनगणना, स्वच्छ सर्वेक्षणाची कागदपत्रं, पाहुण्यांच्या दौऱ्याआधीची सफाई आणि दर कामाचा जागेच्या नोंदीसह फोटो. फोटो पुरावा म्हणून ठीक, पण झाकण काढून पाहिलेली टाकी आणि झाकणासह टिपलेली टाकी फोटोत सारखीच दिसते. सेवानिवृत्तीनंतर जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, एका निरीक्षकाकडे दोन-दोन प्रभागांचा कार्यभार येतो, आणि डासांच्या हंगामात तीन महिन्यांच्या कंत्राटावर मुलं घेतली जातात. ती घरं ओळखू लागेपर्यंत कंत्राट संपतं. महिला निरीक्षकांना फिरतीच्या भागात साधं वापरण्याजोगं स्वच्छतागृह मिळत नाही, तेही शहराची स्वच्छतागृहं तपासत असताना. सफाई कामगारांचे हातमोजे आणि गमबूट पुरवण्याची जबाबदारी निरीक्षकावर असते, खरेदीचा अधिकार नसतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो हे मुंबईला २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पुरेपूर कळलं. तरी गमबूट जूनमध्येच हातात पडायला हवेत, ऑगस्टमध्ये नव्हे, हे अजून सांगावं लागतं.

जिथे निरीक्षकाला स्थानिक माणसांची साथ मिळाली तिथे चित्र वेगळं दिसतं. एप्रिल २०२० मध्ये धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा अडीच चौरस किलोमीटरच्या त्या दाट वस्तीत काय होईल या कल्पनेने सगळेच धास्तावले होते. महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली आणि सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली. वस्तीतला ओळखीचा डॉक्टर दारात उभा होता म्हणून दार उघडलं. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघर जाते. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कुठल्या मोरीत पाणी साचलंय हे तिच्यातल्या बायकांना निरीक्षकाच्या आधी कळतं. त्यांना विचारणारा निरीक्षक शहाणा. गोव्यात बांधकामावर येणाऱ्या परप्रांतीय मजुरांची मलेरियासाठी रक्ततपासणी करून आरोग्य कार्ड देण्याची पद्धत आहे आणि ती जबाबदारी ठेकेदारावर टाकली आहे. तपासणीचा भार एकट्या निरीक्षकावर न ठेवता ज्याचा फायदा होतो त्याच्यावर टाकण्याचा हा मार्ग महाराष्ट्रातल्या मोठ्या बांधकामांवर अजून सर्रास दिसत नाही.

महाराष्ट्राने मात्र एक चांगली गोष्ट बरीच वर्षं चालवली आहे, तिच्याकडे गावांनी लक्ष द्यायला हवं. पावसाळ्याआधी आणि नंतर, असं वर्षातून दोनदा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीचा कठडा, स्रोताभोवतीची घाण, गळक्या जोडण्या, टीसीएलचा साठा पाहून गुण दिले जातात. जोखीम जास्त असेल तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. सलग पाच वर्षं पाण्यातून साथ न आलेल्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड मिळतं. कार्डाचा रंग ही गुप्त माहिती नाही. ग्रामसभेत कुणीही उठून तो विचारू शकतो, लाल असेल तर कशासाठी लाल आहे ते विचारू शकतो आणि पुढच्या सर्वेक्षणाच्या आत कोणती जोडणी बदलणार हे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून इतिवृत्तात लिहून घेऊ शकतो. त्याच सभेत आरोग्य सेवकाला बोलावून शेवटच्या नळाची ओटी तपासणी सगळ्यांसमोर करायला सांगता येते. परीक्षानळी, ओटीची बाटली आणि पाच मिनिटं एवढंच त्याला लागतं.